ताटाची डावी बाजू

आठवीच्या वर्गात मी फळ्यावर समासाची उदाहरणं लिहीत होते. मधली सुट्टी नुकतीच संपली होती. मुली आधी कुजबुजल्या, मग थोड्या हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या. इतकी वर्षं शिकवल्यावर वर्गाची शांतता पाठीलाही कळते. ही शांतता नेहमीची नव्हती. मी वळले तेव्हा पुढच्या बाकावरची एक मुलगी उभी होती.

"बाई, तुम्ही सगळं एकाच कडेला लिहिताय," ती म्हणाली. "अर्धा फळा रिकामा आहे."

मी फळ्याकडे पाहिलं. मला तो भरलेला दिसला. मी तिला खाली बसायला सांगितलं आणि पुढचं उदाहरण लिहायला घेतलं. नंतर मला कळलं की सगळे शब्द उजव्या कडेला एकमेकांच्या अंगावर चढले होते आणि शेवटची अक्षरं फळ्याच्या लाकडी चौकटीवर उतरली होती. ती मुलगी खाली बसली नाही. परवानगी न विचारता ती वर्गाबाहेर गेली आणि शेजारच्या वर्गातून विज्ञानाच्या बाईंना घेऊन आली.

विज्ञानाच्या बाई म्हणजे माझी शाळेतली मैत्रीण. नौपाड्यातल्या या शाळेत आम्ही दोघी बरोबरच लागलो, आणि तेव्हापासून आमचे डबे एकाच टेबलावर उघडतात. तिनं मला दोन्ही हात वर करायला सांगितले. मी केले. म्हणजे मला तसं वाटलं. तिला दिसला तो एकच हात. तिनं पुढे काही विचारलं नाही, मुख्याध्यापिकांना दारातूनच सांगितलं, खाली रिक्षा थांबवली आणि मला कंबरेला धरून जिना उतरवला. मी वाटभर तिच्याशी वाद घालत होते. मला काही झालेलं नाही, तास बुडतोय, मुलींची चाचणी जवळ आली आहे. माझं कुठेही काहीही दुखत नव्हतं. आज मला त्या सगळ्यातली तीच गोष्ट जास्त भीतीची वाटते.

हॉस्पिटलात आधी बोटाला टोचून साखर पाहिली. मला काही वर्षांपासून मधुमेह, आणि साखर फार खाली गेली तरी माणूस असा वागू शकतो, म्हणून ते पहिलं. साखर खाली नव्हती, चांगलीच वर होती. मग डॉक्टरांनी मैत्रिणीला विचारलं की हिला शेवटचं नीट कधी पाहिलं. ती म्हणाली, मधल्या सुट्टीत हिनं माझ्यासमोर डबा खाल्ला, माझ्या डब्यातली भेंडी उचलली आणि वर मीठ कमी आहे असंही सांगितलं. त्या एका उत्तरावर पुढचं सगळं ठरलं. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन ठरावीक वेळेच्या आतच देता येतं, आणि आम्ही वेळेत होतो. तोवर माझा नवरा वागळे इस्टेटमधल्या ऑफिसातून पोचला होता. स्कॅन झाला, त्यानं कागदावर सही केली आणि इंजेक्शन सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्या पांघरुणावरचा एक हात उचलून माझ्यासमोर धरला आणि हा कुणाचा असं विचारलं. सिस्टरांचा असेल, मी म्हणाले. तो माझाच डावा हात होता. त्यात जोर बऱ्यापैकी होता, बोटंही हलत होती, पण तो आपला आहे ही खबर मेंदूपर्यंत पोचत नव्हती. डोळे ठीक होते, कान ठीक होते. जगाची डावी बाजू मात्र माझ्या हिशेबातून गेली होती. अंधारून आली असती तर निदान काहीतरी कमी आहे हे मला कळलं असतं. ती अशी गेली होती की तिथे कधी काही होतं हेही आठवत नव्हतं.

वॉर्डातून सोडायच्या आधी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून एमआरआयचं चित्र दाखवलं. उजव्या बाजूला मागे एक पांढरा डाग होता, तो नवा. पण त्याखेरीज आत खोलवर, दोन्ही बाजूंना, तांदळाच्या कणीएवढे काही ठिपके होते. हे जुने आहेत, डॉक्टर म्हणाले, हे कधी झाले ते तुम्हालाही कळलं नसेल. मग त्यांनी सावकाश समजावलं. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर दुखावतं. भिंती जाड होतात, ताठ होतात, वाट अरुंद होते, आणि सोबत रक्तदाब असला की काम आणखी लवकर होतं. मोठ्या वाहिनीत गुठळी अडकली तर फळ्यावर दिसतं. केसासारख्या बारीक वाहिन्या बंद पडतात तेव्हा काहीच दिसत नाही. माणूस थोडा सावकाश होतो, इतकंच.

ते ऐकून मला रडू आलं, आणि नवऱ्याला वाटलं मी घाबरले. तसं नव्हतं. गेली दोन-तीन वर्षं पेपर तपासायला मला दुप्पट वेळ लागत होता. बोलता बोलता साधा शब्द हरवायचा. गोंगाटात डोकं उठायचं, घरी आल्यावर मी कुणावरही खेकसायचे. सगळे वयावर ढकलत होते, मीही ढकलत होते. त्या ठिपक्यांनी सगळंच केलं असेल असं नाही, डॉक्टरांनीही तसं ठामपणे सांगितलं नाही. पण माझ्या स्वभावाला कीड लागलेली नाही, आत खरोखर काहीतरी बिनसलं होतं, हे कुणीतरी चित्र दाखवून सांगितल्यावर मला हलकं वाटलं.

डोंबिवलीला घरी आले तेव्हा घरात आम्ही तिघं होतो, मी, नवरा आणि सासरे. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला, ती येऊन राहून गेली होती. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते फिटर होते. मूळ गाव साताऱ्याकडचं, पण आयुष्य गेलं ते कल्याणच्या पुढे. बोलणं अगदी मोजकं. आमचं वाकडं कधीच नव्हतं, पण एका घरात राहूनही आमच्यात बोलणं म्हणजे चहा झाला का, गोळ्या घेतल्या का, एवढंच.

पहिले काही दिवस स्वयंपाक नवरा करायचा. मी जेवायला बसले की तक्रार करायचे. जेवण आळणी आहे, चटणी नाही, लिंबू नाही, मला आजारी म्हणून काहीच वाढत नाही. नवरा गोंधळून म्हणायचा, अगं सगळं वाढलंय. मला वाटायचं तो मला समजावतोय. असं तीन-चार जेवणं चाललं. मग एका दुपारी बाबा उठले आणि त्यांनी माझं ताट पाटावरच अर्धं फिरवलं. आणि ताटात एकदम सगळं आलं, लिंबाची फोड, खोबऱ्याची चटणी, काकडीची कोशिंबीर. आपल्याकडे हे सगळं डावीकडे वाढतात, आणि डावी बाजू मला नव्हती. मी खूश होऊन कोशिंबीर खाल्ली. मग विचारलं, पण आज भाजी केली नाही का?

नवरा हसायला लागला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा म्हणाले, "भाजी आहे. आता तू शोध."

मी मान वळवत, वळवत नेली. बरीच लांब होती ती भाजी.

वर्तमानपत्राचंही तसंच. एका सकाळी मथळा वाचून मी नवऱ्याला सांगितलं की आज पाणीपुरवठा बंद आहे. त्यानं ऑफिसला जायच्या आधी बादल्या, पातेली, पिंप, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवला. संध्याकाळी नळाला धो धो पाणी. त्यानं पेपर काढून पाहिला तर मथळा होता, कळव्यात आज पाणीपुरवठा बंद. डावीकडचं 'कळव्यात' मी वाचलंच नव्हतं. दुसऱ्या दिवसापर्यंत आम्ही ते साठवलेलं पाणी वापरत होतो.

घरापासून जवळच एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं मला घड्याळ काढायला सांगितलं. मी गोल नीट काढला आणि बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. तिला त्याचं नवल वाटलं नाही, तिनं मला वाईटही वाटू दिलं नाही. मेंदू शिकतो, ती म्हणाली, पण त्याला रोज शिकवावं लागतं, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला मी काय सांगणार. तिनं पुस्तकाच्या पानाला डाव्या कडेला लाल रिबीन चिकटवायला सांगितली. ती रिबीन दिसेपर्यंत मान न्यायची, दिसली की मगच वाचायला सुरुवात. ताटाला डावीकडे लाल रुमाल. फोन डावीकडे, पाण्याचा तांब्या डावीकडे, आणि घरच्यांनी बोलायचं तेही डावीकडून.

मला तो सगळा खटाटोप अपमानाचा वाटे. वर्गभर मुलींना वाचायला शिकवलेल्या बाईनं रिबीन शोधत वाचायचं. एकदा मी पुस्तक मिटून बाजूला टाकलं. बाबा समोरच बसले होते, सकाळची वेळ, आणि ते रोजच्यासारखा हातआरसा तळपायाखाली धरून पाय पाहत होते. त्यांनाही मधुमेह, माझ्यापेक्षा कितीतरी जुना. त्यांच्या पायांतली जाणीव केव्हाच गेली आहे. फार पूर्वी विठ्ठलवाडीच्या बाजूला कुणाकडे तरी गेले असताना चपलेतून खिळा आत घुसला, आणि ते तसेच चालत घरी आले. फरशीवर रक्त पाहून सासूबाई ओरडल्या तेव्हा त्यांना कळलं. ती जखम भरायला फार काळ गेला. पाय वाचला तो थोडक्यात. तेव्हापासून हा आरसा.

त्यांनी आरसा खाली ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, माझे पाय मला काही सांगत नाहीत. म्हणून मी बघून घेतो. तुझी डावी बाजू तुला सांगत नाही, तूही बघून घे. त्यात लाज कसली?"

त्यांच्या तोंडून इतकं लांब वाक्य मी त्याआधी क्वचितच ऐकलं असेल. मी पुस्तक पुन्हा उघडलं.

त्या दिवसापासून बाबांनी त्यांची खुर्ची उचलून माझ्या डाव्या हाताला आणून ठेवली. मला ते दिसत नसत. आवाज यायचा आणि मी उजवीकडच्या कपाटाला उत्तर द्यायचे. ते म्हणायचे, मी तिकडे नाही. पण माझ्या सोयीसाठी ते कधी उजवीकडे आले नाहीत. थेरपिस्टनं तसं सांगितलं होतं आणि त्यांनी ते फिटरच्या शिस्तीनं पाळलं. नुसतं बसून तर चालणार नव्हतं, बोलायला हवं होतं, म्हणून तो अबोल माणूस बोलायला लागला. कारखान्यातली पहिली पाळी, लेथवर गेलेलं बोटाचं टोक, सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा कल्याणच्या चाळीत पहिल्यांदा विजेचं बटण दाबून कशा हसल्या. गावाकडच्या पडवीपेक्षा इथली खोली लहान म्हणून त्या रोज बिछाना उलटसुलट घालून बघायच्या, म्हणे कुठल्या तरी बाजूनं मोठी होईल. मी त्यांच्याबरोबर इतकी वर्षं राहिले आणि यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. सासूबाईंनाही मी नव्यानं ओळखायला लागले.

नवरा वेगळ्या कामाला लागला होता. मी एकाच बाजूचे केस विंचरायचे, एकाच कानात कुडी घालायचे. तो दुसऱ्या बाजूनं कंगवा फिरवायचा आणि दुसरी कुडी घालायचा. आधी त्याला फिरकी बसवता यायची नाही. मग जमायला लागलं. सकाळी माझ्या बोटाची साखर पाहायची, बाबांच्या बोटाची पाहायची, दोघांच्या गोळ्या आणि इन्सुलिन बघायचं आणि मग ऑफिसची पिशवी उचलायची. दमायचा. एखाद्या संध्याकाळी बुटासकट सोफ्यावर झोपून जायचा. मी त्याला उठवायचे नाही. त्याचं ऋण मी कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आणि मग एक सकाळ आली. मी गॅलरीजवळ बसले होते, बाबा नेहमीसारखे काहीतरी सांगत होते, आणि मी रिबीन नसताना, कुणी न सांगता, मान वळवली. ते दिसले. चष्मा कपाळावर चढवलेला, बनियनवर चहाचा डाग, गालांवर पांढरे खुंट. पूर्ण माणूस दिसला.

मी म्हणाले, "बाबा, तुम्ही दाढी नाही केली."

"कधीची वाढलीय," ते म्हणाले. "तुला आज दिसली."

मग ते उठून आत गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा दाढी केलेली होती आणि डोळे लाल होते. 

तिथून पुढे सुधारणा पायरी पायरीनं झाली, अधूनमधून घसरतही राहिली. दमले की डावी बाजू पुन्हा पातळ व्हायची. अजूनही होते. दाराच्या चौकटीला माझा डावा खांदा आपटतो, गर्दीत मी गोंधळते, स्कूटर मी सोडून दिली. लग्नाच्या हॉलमध्ये गाणी मोठ्यानं लागली की मला बाहेर जाऊन उभं राहावं लागतं. पण पुढच्या जूनमध्ये मी शाळेत परत गेले. मुख्याध्यापिकांनी तास कमी दिले, दुपारनंतरचे तर दिलेच नाहीत. मैत्रिणीनं माझ्या वर्गांतल्या फळ्यांना डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल रंगाचा पट्टा मारून ठेवला होता. पहिल्या तासाला मी तो पट्टा शोधला, खडू त्याला टेकवला आणि तिथून लिहायला सुरुवात केली. अक्षर थोडं वाकडं आलं. पण फळा पूर्ण भरला.

मैत्रिणीला बोलावून आणणारी ती मुलगी आता नववीत होती. मी तिला मुद्दाम स्टाफरूममध्ये बोलावलं. ती घाबरतच आली, तिला वाटलं न विचारता वर्गाबाहेर गेली म्हणून आता बोलणी बसणार. मी तिचे आभार मानले. ती म्हणाली की तिच्या आजोबांचं तोंड एकदा अचानक वाकडं झालं होतं आणि घरचे सकाळपर्यंत थांबले होते. एवढंच बोलून ती निघून गेली. आजोबांचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

डॉक्टरांनी मला खोटा धीर कधी दिला नाही. झालेले ठिपके पुसले जात नाहीत, ताठ झालेल्या वाहिन्या पुन्हा कोवळ्या होत नाहीत. पण ज्या चांगल्या आहेत त्या राखता येतात. साखर आणि रक्तदाब ताब्यात, रक्त पातळ ठेवायची आणि चरबी कमी करायची गोळी, रोजचं चालणं, पुरेशी झोप. मी हे सगळं एखाद्या व्रतासारखं करते असं म्हणणार नाही. कधी साखर वाढते, कधी कंटाळा येतो. पण मागच्या वेळी पुन्हा एमआरआय केला तेव्हा डॉक्टर चित्रावर बराच वेळ वाकून राहिले आणि म्हणाले, नवीन काही नाही. मी त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

त्यानंतर काही दिवसांनी शाळेत पालकांसाठी तपासणी ठेवली होती, त्यात आम्हा शिक्षकांचंही रक्त घेतलं. मैत्रिणीची साखर वाढलेली निघाली. तिला कसलाही त्रास नव्हता. ती दोन-तीन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, डबाही एकटीनं खाल्ला. मग एका दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"तुझ्या डॉक्टरांकडे माझ्याबरोबर येशील?" तिनं विचारलं. "मला एकटीला जायचं नाही."

आम्ही त्याच संध्याकाळी गेलो.  डॉक्टरांनी तिचे पाय तपासले, डोळे दाखवून घ्यायला सांगितले, लघवीची तपासणी लिहून दिली. लवकर कळलंय, ते म्हणाले, अजून हातात पुष्कळ आहे. तिनं प्रश्न फार विचारले नाहीत. शेवटी फक्त आंबा बंद का, एवढं विचारलं, कारण आंब्याचे दिवस होते. डॉक्टर हसले नाहीत. एक-दोन फोडी खा, पण त्या जेवणात एखादी पोळी कमी करून, जेवून वर आंबा नको, असं त्यांनी नीट समजावलं.

बाहेर आलो तेव्हा नौपाड्याचे दिवे लागले होते आणि फुटपाथवर हापूसच्या पेट्या मांडलेल्या होत्या. ती एका पेटीपाशी थांबली, एक आंबा उचलून देठाशी वास घेतला, आणि मग माझा दंड घट्ट धरून रस्ता ओलांडायला लागली. गाड्या कुठून येताहेत ते आम्ही दोघी मिळून बघत होतो.